तुझं रॉचेस्टर

मंदार, तुझा अंत्यविधी झाल्यावर कॉफी आणि केक होता, इथल्या डच रीतीप्रमाणे. मागे शेजारच्या आजोबांच्या वेळी तू माझ्या कानाशी येऊन विचारलं होतंस, ‘आत्ता निरोप दिला आणि लगेच केक कसा काय उतरतो गं ह्यांच्या घशाखाली?’ मी खाल्ला. हातात काहीतरी धरायला हवं होतं. तेवढ्यात तुझ्या ऑफिसातला याप आला. डोळे लाल झाले होते त्याचे. म्हणाला, “मंदार आम्हाला रॉचेस्टरच्या खूप गोष्टी सांगायचा. बसमध्ये झोप लागून तो बर्फाच्या वादळात शेवटच्या स्टॉपला पोचला आणि ड्रायव्हरने त्याला स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं, ती गोष्ट तर मी माझ्या मुलांनाही सांगितली आहे.”

मी मान हलवली. मला ती गोष्ट माहीत नव्हती.

तुला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी पांढरा कुर्ता घालून त्या हॉलमध्ये उभी होते, लोक माझा हात हातात घेऊन जात होते, आणि माझ्या मनात रडण्याच्याही आधी काय आलं, तर ही गोष्ट तू यापला कशी सांगितलीस आणि मला कशी नाही. तिथेसुद्धा ते गाव होतंच. तुझ्यामाझ्यामध्ये, नेहमीसारखं.

कुणी वाचलं तर वाटेल, तिथे एखादी बाई असणार. तसं असतं तर बरं झालं असतं. बाई असती तर मी कुठूनतरी तिचा फोटो शोधून काढला असता आणि ती आता किती जाड झाली आहे हे बघून निवांत झोपले असते. शहराचं काय करायचं? तेही न्यूयॉर्क असतं तर समजू शकले असते. अमेरिकेतलं, ओंटारियो सरोवराच्या काठचं, वर्षातले सहा महिने बर्फात गाडलेलं, चारदोन कॉलेजांमुळे नाव राहिलेलं ते मध्यम आकाराचं गाव. त्याच्यावर माझा नवरा जीव टाकायचा आणि मी त्या गावावर जळायचे.

लग्न ठरवायला आपण पुण्यात भेटलो, तेव्हा कॉफी ढवळत तू म्हणाला होतास, ‘मी सहा वर्षं रॉचेस्टरला होतो. लेन्सवर पीएच.डी. केली.’ मला वाटलं, मुलगा स्वतःची माहिती देतोय. पुढचा पाऊण तास तू तिथल्या नदीबद्दल बोललास. माझी आई नंतर त्या गावाला ‘मंदारची पहिली’ म्हणायला लागली. तू हसायचास. मीही हसायचे, पण मला ते विनोदी कधीच वाटलं नाही.

आपण इथे नेदरलँड्समध्ये, नायमेखनला आलो, तुझी चिपच्या कारखान्यातली नोकरी सुरू झाली, रेवा झाली, घर घेतलं, आणि तू इथल्या प्रत्येक गोष्टीशेजारी तिथली एक गोष्ट ठेवत गेलास. आपण वाल नदीच्या काठी फिरायला गेलो की तू म्हणायचास, ‘आमची जेनेसी नदी उत्तरेकडे वाहते, माहितेय?’ बर्फ पडला की, ‘हा काय बर्फ? कुणीतरी पिठीसाखर भुरभुरवलीये.’ इथल्या लोकांना त्यांच्या सफरचंदाच्या केकचा केवढा अभिमान, पण तू ऑक्टोबरात स्वतः ॲपल पाय लाटून ऑफिसात न्यायचास आणि त्यांना सांगायचास की सफरचंदाचं खरं काय करायचं असतं ते हेलनला विचारा.

हेलन. तुझी घरमालकीण. ती खाली राहायची आणि माळ्यावरची उतरत्या छपराची खोली तुझी होती. दारात लायलॅकचं, जांभळ्या सुवासिक फुलांचं झाड. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि तुझ्या सांगण्यावरून तिने तुला जवळजवळ दत्तकच घेतलं होतं. तिने तुला ॲपल पाय शिकवला. शर्टला इस्त्री करायला शिकवलं. भांडण झालं तर झोपायच्या आधी आपण होऊन माफी मागावी, चूक कुणाचीही असो, हेही म्हणे तिनेच शिकवलं. आपल्या लग्नात किती वेळा मी फुगून भिंतीकडे तोंड करून पडले आणि तू अंधारात म्हणालास, ‘सॉरी, शिल्पा. हेलनचा नियम.’ माझ्या मैत्रिणींचे नवरे चार चार दिवस अबोला धरायचे. मला हेलनने घडवलेला नवरा आयता मिळाला, हे मी मान्य करते. तिचे उपकार मानायचे आणि तिच्यावर जळायचं, ही दोन्ही कामं मी एकाच वेळी करत आले.

एक प्रश्न मी तुला कधी सरळ विचारला नाही. एकदाच, नदीकाठच्या बाकावर, आडून विचारलं होतं, ‘तुला तिथेच राहायचं होतं का रे?’ तू समोरून जाणाऱ्या लांबलचक मालवाहू बोटीकडे बघत म्हणालास, ‘थंडी फार होती.’ हे काही उत्तर नव्हतं. पण मी पुढे विचारलं नाही, कारण खरं उत्तर आलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं?

ह्या जानेवारीत तू अचानक मनावर घेतलंस. रेवाला पुढच्या वर्षी कॉलेज निवडायचं आहे, तिला रॉचेस्टरही दाखवू या, असं तू म्हणालास. मला लगेच कळलं की कॉलेज हे निमित्त आहे. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि तिथेच राहिला. तू नकाशावर बोट ठेवून रेवाला दाखवायचास, हा कालवा, हा धबधबा, भर गावात आहे बघ, इथे ती प्रसिद्ध ताटली मिळते. बटाटे, मॅकरोनी, सॉसेज आणि वरून खिम्याचा रस्सा, सगळं एकमेकांत. ती ताटली तू काय काय घालून खायचास हे तुझ्या आईला कधी कळू दिलं नाहीस. तुम्ही दोघं हसायचात. मी कणीक मळत ऐकायचे. आता ती मुलगीही त्या गावाच्या बाजूला चालली, असं वाटायचं.

मग आपली भांडणं सुरू झाली. माझं म्हणणं होतं, न्यूयॉर्कला चार दिवस, नायगाराला एक आणि तुझ्या गावाला एक. तू म्हणालास, रॉचेस्टरला पाच.

“पाच दिवस रॉचेस्टरला कोण काढतं, मंदार? तिथली माणसंसुद्धा सुट्टीत बाहेर पळत असतील.”

“लायलॅक बघायला लोक लांबून येतात.”

“लायलॅक मेच्या मध्यावर फुलतो, तूच सांगितलंस. रेवाची सुट्टी त्याच्या आधीच संपते.”

“मी बोलतो शाळेशी.”

“मुलीला फुलं दाखवायला शाळा बुडवली म्हणून इथे दंड करतात. भारतात नाही आहोत आपण.”

त्यात तू हरलास. तिकिटं मेच्या सुट्टीतली निघाली, कळ्या तरी दिसतील म्हणालास. पण हेलनच्या बाबतीत ऐकेनास. तिचा पत्ता तुला पाठ होता, आणि तुला सरळ जाऊन बेल वाजवायची होती. मी म्हटलं, म्हातारी बाई आहे, आधी फोन कर, आहे की नाही तेही कळेल. तू म्हणालास, “हेलन असणारच. आणि दार उघडल्यावर तिचा चेहरा बघायचाय मला.”

“मग तू आणि रेवाच जा. तुमच्या भेटीत मी काय करू?”

“अगं, पण तुलाच तर दाखवायचंय,” तू म्हणालास. अगदी साधेपणाने, जणू हे मला इतकी वर्षं माहीतच होतं. मी त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी कुकर लावायला उठले.

फेब्रुवारीत तू ऑफिसात मीटिंगमध्ये बसल्या जागी गेलास. त्याबद्दल मी लिहिणार नाही. सगळ्यांचं सगळं विचारून झालं आहे.

तिकिटं मी रद्द करणार होते. विमान कंपनीला फोन करायला बसले आणि रेवा समोर येऊन उभी राहिली. तुझी मुलगी तुला माहीत आहे. मराठी सगळं कळतं, पण मन भरून आलं की डचच येते तोंडात. ती म्हणाली, “बाबांचं रद्द कर. आपलं करू नकोस.”

“कॉलेजं नंतर बघू गं. आत्ता मला ते गाव बघायची ताकद नाही.”

“कॉलेज नाही बघायचं मला. बाबा माझ्याएवढे असताना कसे होते ते मला माहीत नाही. नाशिकला बाबांच्या घरी कुणाला विचारलं तर सगळे म्हणतात, हुशार होता. तिथे माझ्याहून थोडेसेच मोठे होते ना? आणि तिथे हेलन आहे. ती सांगेल.”

मी म्हटलं, “हेलन असेल की नाही कुणास ठाऊक.”

तिने दहा मिनिटांत नंबर शोधून काढला. तू इतकी वर्षं जे केलं नाहीस ते. तोच पत्ता, तेच नाव. रविवारी दुपारी, तिथे सकाळ झाली असेल असा हिशोब करून, मी फोन लावला. रेवा शेजारी बसली होती. मनात मी वाक्यं जुळवत होते, म्हातारीला ही बातमी कशी सांगायची, ती एकटी असेल, मुलासारखा होता तिला. आणि खरं सांगू? त्यातही एक कोपरा असा होता की तिच्या रडण्यापुढे माझं रडणं कमी पडू नये.

आवाज खणखणीत होता. मी माझं नाव सांगितलं, तुझं सांगितलं, नेदरलँड्समधून बोलतेय म्हटलं.

“मंदार?” ती म्हणाली. “माफ करा, कोण मंदार?”

मला वाटलं उच्चारामुळे झालं असेल. मी तुझं आडनाव सांगितलं, विद्यापीठ सांगितलं, भारतातला मुलगा, लेन्सवर काम करायचा, तुमच्या माळ्यावर सहा वर्षं राहिला.

“बाई, माझ्या माळ्यावर तीस एक वर्षं मुलं राहिली. भारतातलीच कितीतरी. फार गोड मुलं सगळी. लाल सायकलवाला, तो का?”

“नाही.”

“तबला वाजवायचा तो?”

“नाही. तुम्ही त्याला ॲपल पाय शिकवला होता.”

“तो मी सगळ्यांनाच शिकवला,” ती हसली. “नाहीतर हिवाळ्यात करायचं काय?”

वय झालं म्हणून विसरली असेल, असं म्हणायची सोयही तिने ठेवली नाही. लाल सायकलवाल्याचं नाव, त्याला मुलं किती, हे तिने घडाघडा सांगितलं. मी हट्टाला पेटले. मी पोटासाठी लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हटलं, “तुमचा तो नियम? भांडण झालं की झोपायच्या आधी आपण होऊन माफी मागायची?”

ती म्हणाली, “मी असं कधी म्हणाले नसणार. मी आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही. माझा नवरा बिचारा तसाच गेला.”

मंदार, तुला कल्पना येईल मला काय वाटलं असेल? मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं जिच्यावर जळले तिच्या घरात तुझं नावही नव्हतं. त्याऐवजी माझं डोकं फिरलं. ह्या बाईची हिंमत कशी झाली तुला विसरायची? तू तिचं नाव नायमेखनच्या अर्ध्या लोकांना पाठ करायला लावलंस, आणि तिला लाल सायकल आठवते.

मी मग बोलत सुटले. माझं इंग्रजी रागात बिघडतं, तुला माहीत आहे. मी तिला सांगितलं की माझा नवरा फेब्रुवारीत गेला, आणि तो तुमच्याबद्दल असं बोलायचा की मला तुमचं दार कोणत्या रंगाचं आहे ते ठाऊक आहे. लायलॅक कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला फार वाईट वाटतं. मला तो आठवायला हवा होता.” आणि पुढे, “काही मुलं फार शांत असायची. खाली यायचीच नाहीत, संकोच करायची. एक तर असा होता, त्याचा चेहराही नाही आठवत. पण त्याच्या काळात मला पायऱ्यांवरचा बर्फ कधी काढावा लागला नाही. मी उठायच्या आत सगळं साफ असायचं. शेजारच्यांच्या पायऱ्यासुद्धा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, झोप येत नव्हती.”

रेवाने माझा दंड घट्ट धरला. फोन स्पीकरवर होता.

हे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. तुला सांगण्यासारखं वाटलंच नसणार. पण आपल्या गल्लीत बर्फ पडला की तू पहाटे फावडं घेऊन बाहेर जायचास, आपला फुटपाथ झाला की शेजारच्या आजोबांचा, मग कोपऱ्यावरच्या त्या तुटक बाईचा, जी तुला कधी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणाली नाही. मी विचारलं की म्हणायचास, झोप येत नव्हती. मी म्हटलं, “हेलन, तो मंदार.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला माहीत आहे.”

त्या बाईच्या घरात तू सहा वर्षं राहिलास आणि तिला ते माहीत नव्हतं. मला इथून कळलं.

त्या दिवसापासून मी तुझ्या गोष्टी पुन्हा पुन्हा मनात घोळवते आहे. तुला हेलनने दत्तक बित्तक घेतलं नव्हतं. तू जिने चढून माळ्यावर जाणारा एक लाजरा मुलगा होतास, भूक लागली तरी खाली न येणारा, झोप न येणारा. वीसेक वर्षांनी, इथे आपल्या टेबलावर, भात वाढून घेता घेता तू ते गाव बांधलंस. त्यात ऊब घातलीस. माफीचा तो नियम तर सगळा तुझाच होता, पण ‘हे मला सुचलं’ असं म्हणायला तुला लाज वाटली असणार, म्हणून एका म्हातारीच्या तोंडी घातलास. मला आयता मिळाला म्हणत होते तो नवरा कुणीच घडवलेला नव्हता. आणि मी ज्या गावावर जळत होते ते बहुतेक ह्याच घरात होतं. मी त्यात राहत होते, मंदार, आणि दार ठोठावत बसले होते.

हे कळून मत्सर गेला असं मात्र समजू नकोस. उलट आता त्याला धड जागाही राहिली नाही. मी त्या बसच्या ड्रायव्हरवर जळते, कारण असलाच तो खरा, तर एवढ्या बर्फात त्याने तुला घरी पोचवलं. मी त्या शेजाऱ्यांवर जळते जे तुझ्या हाताने साफ झालेल्या पायऱ्या उतरले आणि ज्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कोण करतं. त्या पोराला तेव्हा कुणीतरी गरम चहा करून द्यायला हवा होता, आणि ते कुणीतरी म्हणजे मी असायला हवं होतं, आणि मी तेव्हा ठाण्यात बारावीची परीक्षा देत होते.

फोन ठेवण्याआधी हेलनने विचारलं, “तुम्ही येणार होतात ना?” मी म्हटलं, हो, येतोय, मी आणि माझी मुलगी. तेव्हाच ठरलं ते. ती म्हणाली, “मग घरी या. कॉफी करते. त्याच्याबद्दल सांगा मला.”

रेवा आता नकाशा उघडून बसते. तुझ्यासारखीच बोट ठेवते. काल तिने विचारलं, “आई, तिला काय काय सांगायचं?” मराठीत विचारलं. मी म्हटलं, सगळं. तुझ्याच गावात जाऊन तुझी ओळख आम्हाला करून द्यावी लागणार आहे, निदान नीट तरी करून देऊ. तू किती बोलायचास ते सांगू, कारण तिला फक्त तुझं गप्प असणं माहीत आहे. ती ऐकेल. ऐकणारी बाई आहे, फोनवर कळलं. दुसरी कॉफी ओतेपर्यंत तिला तू आवडायला लागशील, आणि निघताना दारात ती म्हणेल की हो, आता आठवतो मला, उंच होता ना थोडा? तू उंच नव्हतास. मी तिला दुरुस्त करणार नाही. पण मला आत्ताच माहीत आहे, त्या क्षणी माझ्या पोटात दुखणार आहे, कारण तोपर्यंत तू पुरता आमचा होतास आणि त्यानंतर थोडासा तिचाही असशील. तरी मी तिला सगळं सांगणार आहे.